विषय: मंडळाची साइट फक्त आमच्याच कॉम्प्युटरवर उघडत नाहीये

प्रेषक: काका, मिसिसागा

सर्वांना नमस्कार,
१ ऑगस्टपासून आपल्या मंडळाची साइट घरच्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीये. बाकी सगळं चालतंय, बँक, जीमेल, यूट्यूब, मराठी पेपर, कशालाच अडचण नाही, फक्त आपली साइट लावली की गोल फिरत राहतं आणि मग इंग्रजीत काहीतरी येतं. महाप्रसादाची नावनोंदणी सुरू झाली म्हणतात आणि वर्गणीच्या नोंदी मी याच कॉम्प्युटरवरून करतो, फोनवर अक्षरं बारीक, मला जमत नाही. साइट बंद आहे का आमचंच काही बिघडलंय, कोणीतरी सांगा.

प्रेषक: एक सभासद, ब्रॅम्प्टन

काका, साइट चालू आहे, आम्ही कालच घरच्या सगळ्यांची नावं टाकली. तुमचं विंडोज १० असेल तर तेच कारण असणार, सपोर्ट संपलाय त्याचा. अँटीव्हायरस बंद करून बघा, नाहीतर मी रविवारी येऊन फॉरमॅट मारून देतो.

प्रेषक: वेबसाइट स्वयंसेवक, ओकव्हिल

काका, फॉरमॅट अजिबात करू नका, आणि ब्रॅम्प्टनच्या दादांना विनंती की थोडं थांबूया. तुमच्या मदतीच्या भावनेबद्दल शंका नाही पण त्या मशीनवर वर्गणीचे हिशोब आहेत आणि कारण न कळता सगळं पुसलं तर पुढच्या वेळी परत इथेच येऊ.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे बरोबर, पण त्याचा अर्थ सुरक्षेचे अपडेट येत नाहीत असा, त्यामुळे एकच साइट उघडायची बंद होत नाही, क्रोम त्यावर अजून चालतं. बँकेची साइट उघडतेय म्हणजे इंटरनेट, घड्याळ, ब्राउझर, बहुतेक सगळं ठीकच आहे. अँटीव्हायरस कधीकधी साइट अडवतो हे खरं, पण अडवलं की तो स्वतःची पाटी दाखवतो. तो बंद करून कॉम्प्युटर तसाच चालू राहिला तर जास्त भीती वाटते मला.

आधी एवढं सांगा. एक, काकूंच्या फोनवर घरच्याच वायफायवर साइट उघडते का, फोनचा मोबाइल डेटा बंद करून बघा नाहीतर काहीच कळणार नाही. उघडली तर राउटर आणि इंटरनेट कंपनी दोघंही सुटले, दोष त्या कॉम्प्युटरमधेच. दोन, स्क्रीनवर नेमकं काय येतं ते जसंच्या तसं पाठवा, सगळ्यात खाली बारीक करड्या अक्षरातली ओळ असते ती मुख्य. तिथे एनएक्सडोमेन असं असेल तर साइटच्या नावाचा पत्ता मिळत नाहीये, टाइम्ड आउट असेल तर पत्ता मिळाला पण तिथून कोणी उत्तर देत नाहीये, आणि कनेक्शन प्रायव्हेट नाही असं म्हणत असेल तर सर्टिफिकेटचा, म्हणजे साइटच्या ओळखपत्राचा, किंवा तारखेचा घोळ. तिन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत म्हणून मी शब्द मागतेय.

आणि काका, गूगलवर मदत शोधताना एखादा फोन नंबर दिसला तर लावू नका. आम्ही मायक्रोसॉफ्टचे आहोत म्हणत एनीडेस्क, म्हणजे दूरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, टाकायला सांगणारे आणि मग बँक उघडायला लावणारे खूप आहेत, तुमच्या मशीनचा ताबा कोणालाच देऊ नका.

प्रेषक: काका, मिसिसागा

अगं, हिच्या फोनवर वायफायनं लगेच उघडली. कॉम्प्युटरवर खाली एरर कनेक्शन टाइम्ड आउट असं आहे. दुसऱ्या ब्राउझरमधेही तेच. राउटर बंद करून चालू केला, काही फरक नाही. आणखी एक, महत्त्वाचं आहे की नाही माहीत नाही, पण साइट बंद पडायच्या आधीसुद्धा मला तिच्यावर गुढीपाडव्याचेच फोटो दिसायचे, मला वाटलं नवीन कोणी टाकले नसतील. ही म्हणते तिच्या फोनवर गणपतीचं पोस्टर आहे.

प्रेषक: वेबसाइट स्वयंसेवक, ओकव्हिल

काका, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, सगळं गुपित त्यातच आहे. आपण मे महिन्यात साइट नव्या सर्व्हरवर नेली आणि जुन्या सर्व्हरचं भाडं ३१ जुलैपर्यंत भरलेलं होतं म्हणून तो तोपर्यंत चालू होता. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर मे ते जुलै जुन्याच जागेवर जात होता, १ ऑगस्टला ती जागा बंद झाली आणि आता तिथून उत्तर येत नाही. नुसता ब्राउझरचा कॅश, म्हणजे त्यानं साठवून ठेवलेली जुनी पानं, असता तर दोन्ही ब्राउझरमधे एकच गोष्ट झाली नसती.

आता खात्री करू. स्टार्टमधे सीएमडी टाइप करून एंटर, काळी खिडकी उघडेल. त्यात एनएसलुकअप, एक जागा सोडून साइटचं नाव, एंटर. सगळ्यात वर जो पत्ता येतो तो तुमच्या राउटरचा, पुष्कळ लोक तोच साइटचा समजतात, आपल्याला हवाय तो खालचा. मग पिंग, जागा, साइटचं नाव, एंटर. पहिल्याच ओळीत चौकोनी कंसात पत्ता येईल, पुढे उत्तर नाही आलं तरी चालेल. दोन्ही पत्ते मला पाठवा.

एनएसलुकअप थेट बाहेरच्या डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला, विचारतं, पिंग मात्र ब्राउझरसारखं आधी कॉम्प्युटरमधल्या होस्ट्स नावाच्या फाइलमधे बघतं. आपण फोन लावताना आधी खिशातली डायरी बघतो आणि त्यात नंबर असला की चौकशीला विचारतच नाही ना, तसं. दोन्हीचे पत्ते वेगळे आले तर डायरीत जुना नंबर आहे.

ही होस्ट्स फाइल फार जुनी गोष्ट आहे हं, अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कच्या, काळात सगळ्या मशीनची नावं आणि पत्ते एकाच फाइलमधे असायचे, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधे सांभाळायचे आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. मशीनं वाढल्यावर ते झेपेना म्हणून १९८३ मधे पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आणलं, पण ती फाइल आजही प्रत्येक विंडोज आणि मॅकमधे आहे आणि डीएनएसच्या आधी तिचंच ऐकलं जातं.

प्रेषक: काका, मिसिसागा

वेगळे आले! एनएसलुकअपमधे खालचा पत्ता ८७ ने संपतो, पिंगमधला १४ ने.

प्रेषक: वेबसाइट स्वयंसेवक, ओकव्हिल

८७ वाला आपला नवा, १४ वाला जुना. सापडलं.

स्टार्टमधे नोटपॅड शोधा, त्यावर उजवं क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर निवडा, हे विसरलं तर शेवटी सेव्ह होणार नाही. मग फाइल, ओपन, आणि सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं आत आत जा. फोल्डर रिकामं दिसेल, घाबरू नका, खाली टेक्स्ट फाइल्स लिहिलंय तिथे ऑल फाइल्स करा, मग होस्ट्स दिसेल. त्यात हॅशने सुरू होणाऱ्या ओळी आहेत त्या नुसत्या टिपा, त्यांना हात लावू नका. आपल्या साइटच्या नावाच्या एक किंवा दोन ओळी असतील, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट एक आणि त्याशिवाय एक, कारण या फाइलला प्रत्येक नाव वेगळं सांगावं लागतं. त्या पुसू नका, फक्त सुरुवातीला हॅश टाका आणि सेव्ह करा. सेव्ह ॲज नको, नाहीतर पुढे टीएक्सटी चिकटून दुसरीच फाइल तयार होते. मग ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडा.

नुसतं फ्लशडीएनएस, म्हणजे विंडोजनं लक्षात ठेवलेले पत्ते पुसायची आज्ञा, करून हे गेलं नसतं, कारण विंडोज त्या ओळी लगेच परत वाचून घेतं. ओळी आल्या कुठून तर माझा अंदाज असा, २०१९ मधे साइट त्या सर्व्हरवर नेली तेव्हा लोकांना दाखवायच्या आधी कोणीतरी तुमच्या मशीनवर तपासून बघितली असणार, तसंच करतात सगळीकडे. नंतर सगळ्या जगाला तोच पत्ता मिळायला लागला त्यामुळे इतकी वर्षं त्या ओळींचा कोणाला त्रास झाला नाही.

प्रेषक: काका, मिसिसागा

उघडली! दोनच ओळी होत्या, तू म्हणालीस तशाच. गणपतीचं पोस्टर दिसलं, आमच्या दोघांची महाप्रसादाची नावंही टाकली. पण आता एक काळजी लागलीये, जून-जुलैत मी चेकनं आलेल्या वर्गण्या भरल्या त्या कुठे गेल्या मग? नव्या यादीत त्या दिसत नाहीयेत.

प्रेषक: वेबसाइट स्वयंसेवक, ओकव्हिल

त्या जुन्या सर्व्हरवर गेल्या काका, पण हरवल्या नाहीत, ३१ जुलैला बंद करताना शेवटचा बॅकअप काढून ठेवलाय. शनिवारी मी त्यातून नव्या यादीत घेते. तुमच्याकडे चेकचे नंबर लिहिलेले असतील तर फोनवर आपण एकेक ताडून बघू, पैशाचा मामला आहे, नुसत्या बॅकअपवर सोडायला नको.

बाकी सगळ्यांना, मे ते जुलैमधे चेकनं वर्गणी दिली असेल आणि नव्या साइटवर सभासदत्व संपलंय असं दिसत असेल तर परत पैसे भरू नका. मला थेट मेल करा, चेकचे फोटो वगैरे इथे लिस्टवर टाकू नका.