परदेशी तुरुंगांतले चॅप्लेन, मिनिस्टर आणि मिशनरी: मराठीत कोणाला काय म्हणावं?

शब्दसखी

नमस्कार मंडळी. परदेशातल्या तुरुंगांमध्ये चालणाऱ्या ख्रिस्ती कामाविषयीचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे. इंग्लंड, अमेरिका आणि ब्राझील या तीन देशांतले तुरुंग त्यात आहेत. मूळ लेखात चॅप्लेन, प्रिझन मिनिस्टर, मिशनरी आणि व्हिजिटर अशी चार माणसं वेगवेगळी आहेत. या विषयावर मराठीत जे थोडंफार वाचलं, त्यात या चौघांनाही सरसकट 'मिशनरी' किंवा 'धर्मप्रचारक' म्हटलेलं दिसलं. 'प्रिझन मिनिस्ट्री'चं यांत्रिक भाषांतर तर थेट 'तुरुंग मंत्रालय' असं येतं. शब्दकोशात चॅप्लेनला 'पाद्री' दिलंय, पण ते सगळीकडे चालेलसं वाटत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

जुना वाचक

ताई, 'मिनिस्ट्री'चं उत्तर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांकडे, म्हणजे चर्चच्या लोकांकडे, तयार आहे: सेवा. 'अमुक भाऊ तुरुंगसेवेत आहेत' हे वाक्य मंडळीत कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. लॅटिनमध्ये मिनिस्टर म्हणजे सेवक. राजाचा सेवक पुढे मंत्री झाला, मंडळीचा सेवक मात्र सेवकच राहिला. म्हणून 'तुरुंगसेवा' बेधडक वापरा. बिगरख्रिस्ती वाचकाला पहिल्यांदा थोडं अडेल, तिथे एकदा 'कैद्यांमधली ख्रिस्ती सेवा' असं लिहिलं की पुढे अडचण नाही.

या कामाचं मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याचा समाचार, आणि त्याच ओळीत बंदिवासात असलेल्याची भेट. प्रभू म्हणतो की यांच्यासाठी जे केलंत ते माझ्यासाठीच केलंत. तिथे उपदेश करा असं म्हटलेलं नाही, भेटायला जा एवढंच आहे. शब्द निवडताना हे मनात असू द्यावं, कारण 'धर्मप्रचारक' म्हटलं की भेट मागे पडते आणि प्रचारच पुढे येतो.

आता मिशनरी. लॅटिन मूळ 'पाठवणे' या अर्थाचं. कुणीतरी पाठवलेला, बाहेरून आलेला माणूस. ग्लॅडिस एलवर्ड ही इंग्रज बाई 1930 च्या दशकात चीनमधल्या शान्शी प्रांतातल्या यांगचेंगला होती. तिथल्या तुरुंगात दंगल उसळली तेव्हा ती आत गेली, कैद्यांना शांत केलं आणि मग त्यांची स्थिती सुधारावी म्हणून अधिकाऱ्यांच्या मागे लागली. तिला मिशनरी म्हणा, शब्द तंतोतंत बसतो.

चॅप्लेनचं तसं नाही. तो संस्थेचाच माणूस असतो आणि हे त्याच्या नावातच आहे. तूरच्या संत मार्टिनने सैनिक असताना आपला अंगरखा कापून अर्धा भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. तो झगा पुढे फ्रँक राजांनी पवित्र ठेवा म्हणून जपला. त्या लहान झग्यासाठीचा लॅटिन शब्द कापेला, आणि तो सांभाळणारा कापेलानुस. त्यावरूनच चॅपल आणि चॅप्लेन. सैन्य, राजवाडा, इस्पितळ, तुरुंग, जिथे असेल तिथला तो नेमलेला माणूस.

कलम-कायदा

वरच्या प्रतिसादाला कायद्याची जोड देतो. इंग्लंड-वेल्सच्या 1952 च्या तुरुंग कायद्यानुसार प्रत्येक तुरुंगात गव्हर्नर (तुरुंगाचा प्रमुख) आणि चॅप्लेन असलाच पाहिजे, आणि हा चॅप्लेन चर्च ऑफ इंग्लंडचा पुरोहित असला पाहिजे. इतर पंथांचे कैदी पुरेसे असतील तर त्यांच्यासाठी 'प्रिझन मिनिस्टर' नेमता येतो. म्हणजे ताई, तुमच्या यादीतले हे दोन शब्द एकाच कायद्यातली दोन वेगळी पदं आहेत. मिनिस्टरला मंत्री करून चालणार नाहीच, पण दोघांना एकच मराठी शब्द देऊनही चालणार नाही.

'पाद्री'ला माझा विरोध आहे. कायद्यातलं पदनाव काहीही असो, आज तिथल्या तुरुंगांमध्ये मुस्लिम, ज्यू, हिंदू, शीख, बौद्ध अशा सगळ्यांचे चॅप्लेन आहेत, आणि 'मुस्लिम चॅप्लेन' हा तिथला रोजच्या वापरातला शब्द आहे. त्याचा 'मुस्लिम पाद्री' करणार का? पाद्री हा पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आलेला, अर्थ 'बाप'. तो कॅथलिक फादरला शोभतो. मी 'तुरुंगाचे धर्मगुरू' सुचवेन. 'तुरुंगातले' नव्हे, कारण त्यातून गुरुजी स्वतःच कैदेत आहेत असं वाटतं.

पगार कोण देतं यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या न्यूटनच्या तुरुंगात एका ख्रिस्ती संस्थेचा पुनर्वसन कार्यक्रम चालायचा आणि त्यात सरकारी पैसा होता. 2006 मध्ये संघीय न्यायालयाने तो घटनेविरुद्ध ठरवला, आणि 2007 मध्ये अपील न्यायालयाने निकालाचा गाभा कायम ठेवला. त्याच देशात सरकारी पगारावरचे चॅप्लेन मात्र तुरुंगातुरुंगांत आहेत. कैद्याला त्याचा धर्म पाळता यावा म्हणून सरकार चॅप्लेन ठेवू शकतं, धर्म पसरवण्याला पैसे देऊ शकत नाही. भाषांतरात दोघेही 'धर्मप्रचारक' झाले तर हा खटला कशासाठी होता तेच वाचकाला कळणार नाही.

शब्दसखी

हे फार उपयोगी पडलं, दोघांचेही आभार. आता व्हिजिटर. लेखाचा मोठा भाग एलिझाबेथ फ्रायवर आहे आणि लेखक तिला मिशनरी म्हणत नाही, चॅप्लेन तर नाहीच.

जुना वाचक

बरोबरच आहे त्याचं. फ्राय क्वेकर या ख्रिस्ती पंथाची होती आणि तिच्या पंथात नेमलेले पुरोहितच नव्हते. ती 1813 मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पहिल्यांदा गेली तेव्हा बायका आणि त्यांची लहान मुलं एकत्र कोंडलेली होती, अंगावर धड कपडे नव्हते. तिने आधी कपडे नेले. 1817 पर्यंत मुलांसाठी शाळा, बायकांसाठी शिवणकाम आणि स्त्री-कैद्यांसाठी एक समिती उभी राहिली. बायबल ती मोठ्याने वाचून दाखवायची आणि ते ऐकायला बाहेरचे लोकही येत.

त्याच न्यूगेटमध्ये एक अधिकृत चॅप्लेन होता. त्याच्या पदाचं नाव 'ऑर्डिनरी'. याचं भाषांतर 'सामान्य' करू नका, ते चर्चच्या अधिकारपदाचं नाव आहे. अठराव्या शतकातले ऑर्डिनरी फाशी जाणाऱ्यांची चरित्रं आणि शेवटची निवेदनं छापून विकत, त्यातून त्यांना चांगली मिळकत होई. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. मरणाच्या दारातल्या माणसाचे शब्द विकायचे! फ्रायला 'तुरुंगभेटी करणारी' म्हणा. शब्द साधा आहे, पण मत्तयाच्या त्या ओळीला तोच सगळ्यात जवळचा.

पानाआड

चर्चा वाचत होतो, राहवलं नाही. ताई, माणसांच्या नावांइतकेच त्यांच्या बोलण्यातले शब्दही जपून घ्या. ख्रिस्ती मराठीतले काही शब्द तुरुंगाच्या आवारात आले की दुसराच अर्थ घेतात.

'साक्ष' घ्या. मंडळीत 'त्याने साक्ष दिली' म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते त्याने सांगितलं. पण कैद्याने साक्ष दिली म्हटलं की वाचक न्यायालयात पोचतो, कदाचित माफीच्या साक्षीदारापर्यंत. तिथे 'विश्वासाची साक्ष' असं पूर्ण लिहा. 'तारण'चंही तसंच, मंडळीत त्याचा अर्थ पापातून सुटका. कैद्याचं तारण झालं, की कुणी तारण ठेवून त्याला जामिनावर सोडवलं? 'कबुली' तर सर्वांत नाजूक. धर्मगुरूपुढचं पापनिवेदन आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब यांत जीवनमरणाचा फरक आहे, कारण पापनिवेदनात ऐकलेलं कॅथलिक धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाही. न्यायालयालासुद्धा नाही.

आणि 'पेनिटेन्शरी'. नुसतं 'तुरुंग' लिहून भागतं, पण जिथे लेखक इतिहास सांगतो तिथे एक वाक्य जास्त द्या. मूळ अर्थ पश्चात्तापाची जागा. फिलाडेल्फियाचं ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी 1829 मध्ये सुरू झालं ते याच कल्पनेवर. प्रत्येक कैदी एकटा, छतातून येणारा उजेड, हातात बायबल. क्वेकरांच्या प्रभावाखालच्या भल्या माणसांनी चांगल्या हेतूने आखलेली ही योजना होती, आणि त्या एकांताने माणसं मोडली. तुरुंगसेवेवर लिहिणाऱ्याने हे टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

कलम-कायदा

पानाआड यांच्याशी सहमत. जर्मन लोक चॅप्लेनच्या कामाला 'झेलझॉर्गं' म्हणतात. आत्म्याची काळजी. मराठीत 'काळजी' म्हणजे चिंताही आणि निगाही, जर्मन शब्दातही दोन्ही आहेत. नेदरलँड्समध्ये तर कुठलाच धर्म न मानणाऱ्या कैद्यांसाठी मानवतावादी मंडळी हेच काम करतात. तिथे मात्र माझा 'धर्मगुरू' तोकडा पडतो हे खरं.

शब्दसखी

शेवटचा अडसर ब्राझीलचा. तिथल्या 'आपाक' तुरुंगांत कैद्याला कैदी म्हणत नाहीत, 'रेकुपेरांदो' म्हणतात. मराठीत काय करू?

पानाआड

छान प्रश्न. आपाक 1972 मध्ये साओ जोसे दोस काम्पोस इथे मारियो ओत्तोबोनी आणि त्याच्या कॅथलिक साथीदारांनी सुरू केलं. तिथे सशस्त्र पहारा नाही, किल्ल्या कैद्यांकडेच असतात, अंगात स्वतःचे कपडे, हाक स्वतःच्या नावाने. पोर्तुगीजमध्ये डॉक्टरेट करत असलेल्याला 'दोतोरांदो' म्हणतात, तसाच हा शब्द: ज्याचं सावरणं चालू आहे तो. विद्यार्थी, परीक्षार्थी, शिबिरार्थी यांच्या ओळीत 'सुधारार्थी' बसेल का?

जुना वाचक

'सुधारार्थी'त सरकारी 'सुधारगृहा'चा वास येतो. मी 'सावरणारा' म्हणेन. पडलेला माणूस स्वतः सावरतो आणि त्याला कुणी सावरतंही, एकाच क्रियापदात दोन्ही आलं.

आणखी एक. मी वर मिशनरी म्हणजे बाहेरून आलेला म्हटलं, त्याला एक मोठा अपवाद आहे. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात 1995 पासून न्यू ऑर्लिअन्सच्या बॅप्टिस्ट सेमिनरीचं, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेचं, महाविद्यालय चालतं. तिथे शिकलेल्या कैद्यांना त्याच राज्यातल्या दुसऱ्या तुरुंगांत सेवेसाठी पाठवलं गेलं, आणि त्यांनाही मिशनरीच म्हणतात. जन्मठेप भोगणारा माणूसही 'पाठवलेला' असू शकतो. तिथे 'कैदी मिशनरी' असंच ठेवा.

शब्दसखी

'सावरणारा' घेते. 'कन्व्हर्जन'ला 'धर्मांतर' चालेल ना? अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सन याचा सहकारी चार्ल्स कोल्सन 1974 मध्ये तुरुंगात गेला आणि 1976 मध्ये त्याने प्रिझन फेलोशिप ही तुरुंगसेवेची संस्था काढली, त्या परिच्छेदात तो शब्द आहे.

जुना वाचक

नको. कोल्सन ख्रिस्ती घरातलाच. धर्म तोच राहिला, माणूस बदलला. 'मनःपरिवर्तन' लिहा. ज्या कैद्याने खरोखर धर्म बदललाय, त्याच्यापुरतं 'धर्मांतर' राखून ठेवा.