कॉम्प्युटरला न मानवणारी सॉफ्टवेअरं काढताना: तुमचे अनुभव

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि घरोघरी विंडोज ११वर जायची लगबग सुरू झाली. ज्यांच्या मशिनमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही त्यांचा प्रश्नच मिटला! बाकीच्यांचं घोडं जुन्या युटिलिटींपाशी अडतंय: अँटिव्हायरस, डीव्हीडी राइट करणारं, मराठी टायपिंगचं. यादीतून नाव जातं, पण ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) किंवा सर्व्हिस (पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्राम) मागे ठाण मांडून बसते. तुमच्याकडे काय उरलं आणि कसं काढलंत, सविस्तर लिहा. 'फॉरमॅट मारा' सोडून.

हापूस_नको_पायरी
सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस. दोघंही प्रत्येक फाईल एकाच वेळी तपासणार, त्यामुळे साधा फोटो उघडायलाही वेळ. बाबा म्हणाले, "दोन्हीचे पैसे भरलेत, दोन्ही राहू देत." कशीबशी समजूत घातली. नेहमीच्या पद्धतीने काढायला गेले तर अर्ध्यावर अडकलं. अशा वेळी त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल मिळतं. ते पेनड्राइव्हवर घ्यायचं, शिफ्ट दाबून रीस्टार्ट करत सेफ मोडमध्ये (जिथे विंडोज फक्त गरजेपुरतं चालतं) जायचं आणि तिथे चालवायचं. (सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस बंद असते, म्हणून साधं अनइन्स्टॉल तिथे बऱ्याचदा चालत नाही.) दुसराही काढला की विंडोजचा डिफेंडर आपोआप जागा होतो. बाबांना अजून ते फुकटचं म्हणून पटत नाही.

टेबलाखालची_वायर
माझ्याकडे मेमरी इंटिग्रिटी, म्हणजे घातक ड्रायव्हरांना रोखणारी विंडोजची सोय, सुरूच होईना. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली न जुळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी मिळते. नाव निघालं एका वेबकॅमचं, जो कधीच भंगारात गेलाय. त्या नावावर टिचकी मारली की 'पब्लिश्ड नेम' दिसतं, ओईएम आणि पुढे आकडा असं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पीएनपीयुटिल या विंडोजमधल्याच कमांडला डिलीट-ड्रायव्हर आणि ते नाव द्यायचं. रीस्टार्ट, झालं.

छापखाना_घरातच
आमचा लग्नपत्रिकांचा छोटा धंदा, सांगलीकडे. टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, डाँगलवालं, म्हणजे कॉम्प्युटरला किल्लीसारखं एक छोटं उपकरण खोचलं तरच चालणारं. विंडोज ११चं सेटअप डाँगलच्या ड्रायव्हरपाशी थांबून 'आधी हे काढा' म्हणायचं. काढणं सोपं, त्याआधीची तयारी महत्त्वाची. या फायली युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत) नसतात. मराठी अक्षरं रोमन कोडांवर बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट गेला की 'चि. सौ. कां.'च्या जागी कंस, टिंबं आणि टोपी घातलेली रोमन अक्षरं दिसतात. काही अनइन्स्टॉलर जाताना फॉन्टही घेऊन जातात. म्हणून त्याचे सगळे फॉन्ट आधी पेनड्राइव्हवर घेतले, चालू गिऱ्हाइकांच्या पत्रिका पीडीएफ करून ठेवल्या, मग डाँगल उपसून सॉफ्टवेअर काढलं. फॉन्ट परत टाकल्यावर जुन्या पत्रिका वाचता येतात, छापता येतात. नवा मजकूर मात्र युनिकोडमध्येच. वहिनीचा हात जुन्या कीबोर्डवर बसलेला, ती अजून धुसफुसतेय.

सीडीवाला
डीव्हीडी राइट करणारं सॉफ्टवेअर काढलं आणि ड्राइव्हच गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड ३९. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत) सीडी-रॉमच्या क्लासखाली त्या सॉफ्टवेअरच्या अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी उरल्या होत्या. आधी रजिस्ट्रीतला तो भाग एक्स्पोर्ट करून ठेवला, मग दोन्ही उडवल्या. ड्राइव्ह परत.

आईचा_मॅक
मॅकवाल्यांनी हुरळून जाऊ नये. मॅकओएसच्या २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटची, म्हणजे जुन्या पद्धतीची, ॲप्स चालत नाहीत. ॲप कचरापेटीत ओढून टाकलं तरी लायब्ररीतल्या लाँचडीमन्स या फोल्डरमध्ये त्याची फाईल राहू शकते आणि दर वेळी काहीतरी सुरू करायला बघते. तीही हाताने काढावी लागते.

चष्मा_कुठाय
रजिस्ट्री क्लीनर कोणता चांगला?

टेबलाखालची_वायर
एकही नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्यांना पाठिंबा देत नाही. एक युटिलिटी काढायला दुसरी आणायची, हे कुठलं शहाणपण!

चष्मा_कुठाय
बरं बाबा. छापखानावाले, माझ्याकडे सॉफ्टवेअर गेलंय, पण डाँगलची सर्व्हिस टास्क मॅनेजरमध्ये दिसतेच आहे.

छापखाना_घरातच
तिची नोंद वेगळी असते. रनमध्ये ॲपविझ डॉट सीपीएल टाका, जुनी यादी उघडेल. सॉफ्टवेअरच्या नावाने शोधू नका, पब्लिशरच्या कॉलमवर टिचकी मारा आणि डाँगल बनवणाऱ्या कंपनीचं नाव बघा. डाँगलवर बारीक अक्षरात छापलेलं असतं.