अभिषेक 'उतरतो' का?

रविवारची_बाई
नमस्कार. मी अकरा वर्षं आमच्या चर्चमध्ये संडेस्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबल-वर्ग, घेते, पाच ते आठ वयाचा गट. गेल्या महिन्यात प्रार्थनासभेला बाहेरून आलेल्या एका सेवकांनी (प्रवचनकारांनी) माझ्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बहीण, तुझ्यावरचा अभिषेक उतरलाय. पुन्हा समर्पण कर." मी काही विचारायच्या आत ते पुढच्या माणसाकडे गेलेसुद्धा.

खरं सांगते, वर्षभर प्रार्थनेत मला काही जाणवत नाहीये. आई अंथरुणाला खिळलेली, तिची औषधं, रात्रीची जागरणं. रविवारचा धडा मात्र एकदाही चुकवलेला नाही. आता वाटतं, अभिषेकच नसेल तर मी मुलांना शिकवतेय तरी काय? अभिषेक आणि समर्पण एकच का? आणि उतरतो म्हणजे जातो कुठे? चेष्टा नाही, मनापासून विचारतेय.

तेलवात
ताई, मी कॅथलिक. 22 वर्षं सॅक्रिस्टीचं काम केलं, म्हणजे वेदीमागच्या खोलीतलं. अभिषेक म्हणजे मुळात तेल लावणं, त्यामुळे धर्मशास्त्राआधी तेलाबद्दल सांगतो, ते मला जास्त कळतं.

आमच्याकडे तेलाच्या तीन डब्या: बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी एक, आजाऱ्यांसाठी एक आणि तिसरी ख्रिस्माची. ख्रिस्मात सुगंधी बाल्सम मिसळलेलं असतं. पवित्र सप्ताहाच्या सुमारास बिशप तिन्ही तेलं सिद्ध करतात. डबीत कापूस घालावा लागतो, नाहीतर हमखास सांडतं (माझ्या झग्याला विचारा). इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की पाहिली: कपाळावर लावलेलं तेल टिकत नाही. बाळाची आई टोपरं चढवते, आजारी माणूस उशीवर कूस बदलतो, संपलं. तेल टिकावं म्हणून लावतच नाहीत.

आता बायबलमधलं निर्गमचं पुस्तक, अध्याय 30 उघडा. अभिषेकाच्या तेलाची कृती आहे. गंधरस 500 शेकेल, दालचिनी 250, सुगंधी बच 250, तज 500 आणि जैतुनाचं तेल एक हिन. शेकेल साधारण 11 ग्रॅमचा धरला तर 16-17 किलो मसाला झाला, तोही काही लिटर तेलात! आणि हे पहिल्यांदा लावायचं कशाला? देवाच्या उपासनेच्या तंबूला, मेजाला, दीपवृक्षाला, हात धुवायच्या गंगाळाला आणि त्याच्या बैठकीला. गंगाळाला काय जाणवलं असेल? त्याला एवढंच झालं की ते आता दुसऱ्या कामाला वापरायचं नाही. अभिषेकाचा पहिला अर्थ हा: हे कोणाचं आहे, ते ठरलं.

समर्पणाचं विचारलंत. निर्गम 28:41 मध्ये याजक (पुरोहित) होणाऱ्या अहरोन आणि त्याच्या मुलांसाठी तीन क्रिया ओळीनं येतात: अभिषेक कर, मग मूळ हिब्रूत शब्दशः 'त्यांचे हात भर', मग पवित्र कर. भाषांतरात तो हात सहसा दिसत नाही. लेवीय 8 मध्ये मोशे खरोखरच अर्पणाचे तुकडे आणि भाकरी त्यांच्या तळहातांवर ठेवतो. आपण समर्पण म्हणजे काहीतरी सोडून देणं समजतो. इथे तर आधी हातात दिलं जातंय. तुमच्या हातात आई आहे आणि वीसेक पोरं आहेत. रिकामे हात कुठे दिसले त्या गृहस्थांना, कोण जाणे.

शब्दवेल्हाळ
थोडक्यात भर घालतो. मशीहा हा हिब्रू शब्द आणि ख्रिस्त हा ग्रीक, दोन्हींचा अर्थ 'अभिषिक्त'. म्हणजे ख्रिस्ती हे नावच त्या अभिषिक्ताच्या माणसाचं आहे. 1 योहान 2:20 आणि 27 वाचा. तिथे अभिषेक पुढाऱ्यांना नाही, अख्ख्या मंडळीला झालेला आहे आणि तो 'तुमच्यामध्ये राहतो' असं लिहिलंय.

पहाटेची_प्रार्थना
तेलवात काका, पटतं, पण अर्धंच. मी पेंटेकॉस्टल आहे, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पंथाची, आणि अनुभवाला असं गंगाळाच्या पंगतीला बसवलेलं मला चालणार नाही. प्रेषितांची कृत्ये 2 मध्ये येशूचे जे शिष्य आत्म्यानं भरले, तेच 4:31 मध्ये पुन्हा भरले. म्हणजे पुन्हा मागायची गरज असते. आणि 'उतरतो' हे अगदीच निराधार नाही: 1 शमुवेल 16:14, अभिषेक झालेल्या शौल राजाला परमेश्वराचा आत्मा सोडून गेला. स्तोत्र 51 मध्ये दावीद त्याच भीतीनं रडतो. ताईंना चारचौघांत तसं बोलणं मात्र चूकच. अशी गोष्ट बाजूला घेऊन, प्रार्थना करून, आणि आधी त्यांचं ऐकून घेऊन बोलायची असते.

तेलवात
मान्य, गंगाळाचं मी जरा ताणलं. मागत राहावं, यात वाद नाही. पण शौलानं आज्ञा मोडली होती, तो जागरणानं थकला नव्हता. शिवाय आत्मा गेल्यानंतरही त्याच पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात दावीद त्याला 'परमेश्वराचा अभिषिक्त'च म्हणतो आणि हात लावत नाही.

थकलेला माणूस पाहायचा तर 1 राजे 19. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतोय. त्याला 'पुन्हा समर्पण कर' असं कोणी म्हणत नाही. भाकर, पाणी, झोप, परत भाकर. आणि त्यानंतर त्यालाच सांगितलं जातं की जा, तिघांना अभिषेक कर.

आणखी एक, मला फार आवडणारं. लेवीय 8 मध्ये याजकाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला रक्त लावतात. लेवीय 14 मध्ये छावणीबाहेर राहिलेला कुष्ठरोगी बरा होऊन परत येतो, तेव्हा त्यालाही त्याच तीन जागी रक्त, आणि वर तेल. याजकाच्या खुणा, जवळजवळ तशाच, ज्याला कोणी शिवत नव्हतं त्याच्या अंगावर.

रविवारची_बाई
लेवीय 14 काल रात्री आईला औषध देऊन झाल्यावर वाचलं. अंगठ्यापाशी आले आणि पुस्तक मिटून बसून राहिले. जाणवलं वगैरे काही नाही, पण झोप लागली.

पहाटेची_प्रार्थना, तुमचंही बरोबर आहे. मागायचं मी बंदच केलं होतं, रागानं. ते सुरू करते.

या रविवारी दाविदाचा अभिषेक घेतेय. त्याला तेल लावलं आणि पुढे तो पुन्हा मेंढरांकडेच दिसतो, हे आजवर मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. आता अडचण वेगळीच: नाटुकल्यात इशायाचे, म्हणजे दाविदाच्या बापाचे, सात मोठे मुलगे व्हायला कोणी तयार नाही, सगळ्यांना दावीद व्हायचंय. आणि खरं तेल घेऊ का? गोष्टीतल्यासारखं तेलाचं शिंग नाहीये, छोटी बाटली आहे.

तेलवात
खरंच घ्या. आणि सगळ्यांना आळीपाळीनं दावीद करा. बाटलीत कापूस घालायला विसरू नका.