बाबांच्या गाडीखालचा डाग

विषय: गाडीतून तेल गळतंय, कोणाला अनुभव?

मंडळी, नमस्कार.
दोन महिन्यांसाठी नाशिकला आलोय, इंदिरानगरला घरी. बाबांची छोटी पेट्रोल गाडी 14 वर्षांची. गेल्या आठवड्यात मुंबईहून येताना कसारा घाट चढला आणि जळक्या तेलाचा वास सुटला. आता पार्किंगच्या फरशीवर रोज रुपयाएवढा काळा डाग पडतो. आई सडा टाकताना तो घासते आणि काही न बोलता माझ्याकडे बघते. जवळच्या गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि सांगितलं, "चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवू, क्रँकचं सीलही करून घेऊ, 11 हजार." बाबांचं मत, खाली पत्र्याचा डबा ठेव. तिकडे परदेशात आपण ऑइल घरीच बदलतो, इथे ही गळती घरी जमेल का?
– आपल्या मंडळाचा रजेवरचा खजिनदार

*

उत्तर: जाड ऑइल टाक, 20डब्ल्यू50. माझ्या सासऱ्यांच्या गाडीला तेच केलं, गळती कमी झाली.

*

उत्तर:
जाड तेलाने गळती थांबत नाही, सावकाश होते एवढंच. निफाडला थंडीत पारा 5 अंशांच्या खाली उतरतो, नाशिकलाही पहाटे काही ऊब नसते. अशा वेळी जाड तेल वर टॅपेटपर्यंत (इंजिनाच्या माथ्यावरचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच ठेव.

आता खजिनदारा, तुझ्यासाठी. मी सातपूरला 12 वर्षं नोकरी केली, तिथले फिटर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायचे. कौलं गळतात कोपऱ्यात, थेंब पडतो चुलीपाशी. फरशीवरचा डाग बघून चेंबर खोलायला निघू नकोस. तेल वरून ओघळत येतं, धावत्या गाडीत वाऱ्याने मागे फेकलं जातं आणि चेंबरच्या सगळ्यात खालच्या टोकावरून ठिबकतं. म्हणून चेंबर नेहमीच ओला दिसतो, त्याचा दोष असो वा नसो. ओलीचं सगळ्यात वरचं ठिकाण शोध. आणि जळका वास येतोय म्हणजे तेल बहुधा इंजिनाला जोडलेल्या सायलेन्सरच्या वरच्या गरम नळ्यांवर पडतंय. चेंबर त्या नळ्यांच्या खाली असतो, तिथून वर कसं चढेल?

इंजिन गार असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करतो तो) प्लॅस्टिकची पिशवी बांध. रॉकेल आता मिळत नाही, तेव्हा थोडं डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन स्वच्छ कर आणि पूर्ण वाळू दे. मग जोडांवर आईची टाल्कम पावडर शिंपड. पिशवी काढ, वायर परत जोड आणि दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेव, हात आणि ओढणी-बिढणी पट्ट्यापासून लांब. पावडर जिथे आधी काळी पडेल तिथे दुखणं. गाडीखाली शिरायची वेळ आलीच तर नुसत्या जॅकवर कधीही नको. घोडी (लोखंडी स्टँड) लाव.
– काका

*

उत्तर: एक आगाऊ प्रश्न. कोजागिरीच्या मसाला दुधाची वर्गणी खजिनदाराच्या गैरहजेरीत कोणाकडे द्यायची? (गळतीवरून आठवलं.)
– सचिव

*

उत्तर:
वर्गणी वहिनींकडे द्या, पावती मी परत आल्यावर देतो.

काका, साष्टांग नमस्कार. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर काळी झाली. चेंबर वरून कोरडाठाक. द्वारका चौकाकडच्या स्पेअर पार्टवाल्याकडून पॅकिंग आणलं, 380 रुपये. त्याने विचारलं, "कोणता मेकॅनिक बसवणार?" मी म्हटलं मीच, तर सिलिकॉनची ट्यूब पुढे सरकवून म्हणाला, "मग ही पण लागेल."

जुनं पॅकिंग काढताना पापडासारखं तुटलं. खाचेत चिकटलेले तुकडे लाकडी चमच्याच्या दांड्याने खरवडले (आईला सांगू नका). आता 10च्या गोटीने (सॉकेट पान्याने) बोल्ट किती आवळू? बाबा मागे उभे राहून "अजून, अजून" म्हणतायत.

*

उत्तर:
बाबांना चहाला पाठव. आधी बऱ्याच जणांनी असाच "अजून" केलेला असतो, त्यानेच कव्हर वाकतं. बोल्ट ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, बसतात, एकदा आटे गेले की 380चं काम खरंच 11 हजारांवर जातं. अशा बोल्टांना बऱ्याच छोट्या गाड्यांत 10 न्यूटन मीटरच्या आसपास जोर लागतो, म्हणजे वीतभर पाना मुठीत धरून खेचायचाच नाही. तुझ्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात बघ. सुरुवात मधून, मग आलटून पालटून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत.

सिलिकॉन सगळीकडे थापू नकोस, जास्तीचं आत पडून तेलाच्या जाळीत अडकतं. फक्त हेड आणि टायमिंग कव्हर (इंजिनाच्या बाजूचं झाकण) जिथे जुळतात त्या कोपऱ्यांत हरभऱ्याएवढा थेंब. ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळ, साधारण एक दिवस.

राहिला पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो चोंदला की इंजिनातला दाब जायला वाट उरत नाही आणि नवं पॅकिंगही काही महिन्यांत ओलं होतं. काढून हलव, खडखड वाजला पाहिजे. 14 वर्षांत कोणी त्याला हात लावला असेल असं वाटत नाही.

डिझेलचं फडकं आणि ते काळं पाणी गटारात सोडू नकोस. तुमच्याकडचं नासर्डीत जातं आणि नासर्डी गोदावरीत.

*

उत्तर:
व्हॉल्व्ह वाजला नाही. नवा बसवला. काल त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो, वास नाही. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता, सकाळी कोरडा. डिपस्टिकवर तेल दोन खुणांच्या मध्ये होतं, वरच्या खुणेला पोचेल इतकंच टाकलं.

काळं पाणी झाकणाच्या बाटलीत भरून ठेवलंय. ऑइल बदलणाऱ्या एका गॅरेजात जुन्या तेलाचा पिंप आहे, तिथे ओतू देतो म्हणाले. बाबांनी पत्र्याचा डबा मात्र उचललेला नाही. म्हणतात, असू दे.