कडब्यावरच्या धिंगरी अळिंबीला हिरवी बुरशी : मदत हवी आहे

सोलापूरला ज्वारीच्या कडब्यावर धिंगरी (ऑयस्टर मशरूम, प्ल्युरोटस साजोर-काजू) घेतोय. कुट्टी दीड इंची, 14 तास भिजवून 80 अंश पाण्यात तासभर. निथळून मुठीत दाबली की थेंब पडत नाही, तळवा ओला होतो, एवढीच ओल. ओल्या वजनाच्या 3 टक्के स्पॉन (अळिंबीचं बियाणं), थर देऊन. खोली 26 ते 28 अंश, ओली पोती टांगलेली.

आठव्या-नवव्या दिवशी पिशवीच्या तळाला आधी पांढरी, मग गडद हिरवी ट्रायकोडर्मा बुरशी. त्याच स्पॉनवर, त्याच खोलीत सोयाबीन भुशाच्या पिशव्या मात्र स्वच्छ! म्हणजे स्पॉन दोषी नाही. माझा संशय कडब्याच्या गाभ्यातल्या साखरेवर. भिजवलेलं पाणी गोडसर, आंबूस वास मारतं. तळाला भोकं वाढवली, फरक नाही.

कार्बेन्डाझिम-फॉर्मॅलिन (निर्जंतुकीकरणाची रसायनं) वापरायचं नाही. बॉयलर नाही, पाणी टँकरचं, त्यामुळे दोन-तीनदा धुणं परवडत नाही. भुसा मिळतो, पण कडबा घरचा.

ज्यांनी कडब्यावर पीक काढलंय त्यांनी सांगा: भिजवणीच्या पाण्यात चुना घालून भागतं का, आणि घालायचा तर 100 लिटरला किती? की कडब्यात निम्मा सोयाबीन भुसा मिसळणंच बरं?