कम्युनिटी कॉलेजमधून यूसीला इंजिनिअरिंग: पहिल्या सेमिस्टरला नेमकं काय घ्यावं?

अबोली:
नमस्कार मंडळी. लेक या फॉलला कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात जाणार आहे. दोन वर्षांनी यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) मेकॅनिकल इंजिनिअरिंगला ट्रान्स्फर करायचं आहे. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, फायनान्शियल एड मिळणार आहे. शाळेत प्रीकॅल्क्युलस झालंय, बी ग्रेड आहे, पण गणिताची धास्ती असल्याने ती पुन्हा प्रीकॅल्क घेऊ म्हणते. तिने काढलेली यादी: इंग्लिश ४ युनिट (कोर्सचे क्रेडिट), प्रीकॅल्क्युलस ५, सायकॉलॉजी ३, आर्ट हिस्टरी ३. म्हणजे १५ झाले. "आधी जनरल एज्युकेशन (सगळ्यांना लागणारे सामान्य विषय) उरकते, मग मेजरचं, म्हणजे मुख्य विषयाचं, बघते" असं तिचं म्हणणं. हे बरोबर आहे का? आणि एखादा विषय झेपला नाही तर मध्येच सोडता येतो ना?

त्रिज्या:
अबोलीताई, ही यादी बदलाच. आर्ट्सच्या मुलांना "आधी जनरल एज्युकेशन" चालून जातं, इंजिनिअरिंगला नाही. कारण गणित आणि फिजिक्स एकामागून एकच घेता येतात, दोन पायऱ्या एकदम चढता येत नाहीत. कॅल्क्युलस १, २, ३, मग लिनिअर अल्जेब्रा आणि डिफरेन्शिअल इक्वेशन्स. मेकॅनिक्सच्या फिजिक्सला आधी कॅल्क्युलस १ लागतं, काही कॉलेजांत ते सोबत घेतलेलं चालतं. स्टॅटिक्सला (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा विषय) ते मेकॅनिक्स लागतं. म्हणजे चार सेमिस्टर नुसती ही साखळीच खाते. त्यात प्रीकॅल्क घुसवलं की शेवटची कडी दोन वर्षांच्या बाहेर पडते. आर्ट हिस्टरी कधीही घेता येते, कॅल्क्युलस ३ नाही.

शाळेत प्रीकॅल्कला बी आहे, तर कॅल्क्युलस १ लाच बसवा. एबी १७०५ कायद्यामुळे आता सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलांना कॉलेजं थेट कॅल्क्युलसकडे पाठवतात, आणि सोबत सपोर्ट कोर्स असतो. धास्ती असेल तर तो जरूर घ्या.

आता कागद घेऊन उलटं बसा. असिस्ट डॉट ऑर्गवर तिचं कॉलेज, पोहोचायचं कॅम्पस आणि मेजर निवडा. डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला समकक्ष कोर्स दिसतो. तीन-चार कॅम्पसच्या याद्या शेजारी ठेवल्या की सगळ्यांत समान काय ते कळतं, आणि एखाद्याच कॅम्पसला लागणारा कोर्सही उठून दिसतो. जिथे "समकक्ष कोर्स नाही" असं येईल तिथे खूण करा. तो शेजारच्या कॉलेजात मिळू शकतो.

ढोबळ आराखडा:
पहिला फॉल: कॅल्क्युलस १ (५), इंग्लिश (४), प्रोग्रॅमिंग (३).
स्प्रिंग: कॅल्क्युलस २ (५), मेकॅनिक्स (५), क्रिटिकल थिंकिंग (३).
समर: सायकॉलॉजी आणि आर्ट हिस्टरी (६).
दुसरा फॉल: कॅल्क्युलस ३ (५), इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम (५), केमिस्ट्री (५).
स्प्रिंग: लिनिअर अल्जेब्रा आणि डिफरेन्शिअल मिळून (६), तिसरं फिजिक्स (४), स्टॅटिक्स (३).

कॉलेजागणिक युनिट थोडे बदलतील. स्टॅटिक्ससारखे कोर्स बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच निघतात, तेव्हा मागच्या दोन वर्षांची वेळापत्रकं उघडून तो फॉलला असतो की स्प्रिंगला हे आधी बघा.

पागोळी:
आराखड्याची चाल बरोबर आहे, पण बेरीज करून बघा: १२ + १३ + ६ + १५ + १३ = ५९. यूसीला ज्युनिअर (तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी) म्हणून जायला ट्रान्स्फर होणारे ६० सेमिस्टर युनिट लागतात. एका युनिटने अडकाल. शेवटच्या स्प्रिंगला किंवा विंटर सेशनला एथ्निक स्टडीज (३) घाला, ६२ होतील. सपोर्ट कोर्सचे युनिट सहसा या ६० मध्ये धरत नाहीत, ते बेरजेत घेऊ नका.

जनरल एज्युकेशनबद्दल: कॅल-जेटसी, म्हणजे ट्रान्स्फरसाठीचा जनरल एज्युकेशनचा ठरलेला साचा, यात ११ कोर्स, ३४ युनिट, आणि प्रत्येकात किमान सी. पण इंजिनिअरिंगसारख्या भरगच्च मेजरला यूसी स्वतःच सांगते की ते पूर्ण करण्याच्या मागे लागू नका, मेजरची तयारी आधी. किमान पात्रतेला सात कोर्सचा साचा लागतो: इंग्लिशचे दोन, गणिताचा एक, आणि कला, समाजशास्त्र, विज्ञान यांपैकी निदान दोन गटांतून चार. वरच्या आराखड्यात तो बसतो. सीएसयूलाही (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) अर्ज करणार असाल तर ओरल कम्युनिकेशनचा कोर्स घालावा लागेल.

तारखा मात्र आजच भिंतीवर लावा. टॅग, म्हणजे प्रवेशाची हमी, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहाच कॅम्पस देतात, आणि त्यांतल्या एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो देत नाहीत. इंजिनिअरिंगचे बरेच मेजर टॅगमधून वगळलेले असतात, तेव्हा त्या वर्षीची यादी वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नका. अर्ज १ ते ३० सप्टेंबर, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, आणि तोवर ३० युनिट झालेले लागतात. तुमचे समर धरून ३१ होतील, म्हणजे समर सोडता येणार नाही. नेहमीचा यूसी अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचा, फॉलचे ग्रेड जानेवारीत कळवायचे. थोडक्यात, अर्ज भरताना हाती असतात ते पहिल्या वर्षाचेच ग्रेड. म्हणून पहिल्या फॉलला १२ युनिट बरे, १६-१७ कोंबू नका.

अबोली:
५९ ची चूक आमच्या लक्षातच आली नसती. पण कॅल्क्युलस २ समरला काढलं तर पुढे श्वास घ्यायला जागा मिळणार नाही का?

त्रिज्या:
पागोळी, एथ्निक स्टडीजची भर योग्यच. अबोलीताई, समरला कॅल्क्युलस नको. कॅलिफोर्नियात एका युनिटमागे वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून किमान ४८ तास धरतात. ५ युनिट म्हणजे २४० तास. सहा आठवड्यांच्या समरमध्ये ते आठवड्याला ४० तास होतात, एकाच विषयाला. कॅल्क्युलस २ मध्ये इंटिग्रेशनच्या पद्धती हातात बसायला गणितं सोडवत राहावी लागतात आणि मालिकांचं प्रकरण शेवटी येतं. तिथे एक आठवडा आजारी पडलं की सेमिस्टरचे जवळपास तीन आठवडे बुडाल्यासारखं होतं. समरला वाचनाचे विषयच ठेवा.

झुंजूमुंजू:
"मध्येच सोडता येतो ना" यावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. येतो, पण कधी सोडता त्यावर सगळं आहे. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच येत नाही. त्यानंतर फार तर ७५ टक्के टर्म होईपर्यंत सोडता येतो, पण डब्ल्यू (कोर्स सोडल्याची नोंद) लागतो. त्यापुढे जो ग्रेड मिळेल तो. नेमक्या तारखा प्रत्येक वर्गाच्या वेगळ्या असतात, पोर्टलवर त्या वर्गाच्या तपशिलात दिसतात.

डब्ल्यू जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) येत नाही म्हणून लोक तो फुकटचा समजतात. तसं नाही. एकच कोर्स साधारण तीनदाच घेता येतो आणि डब्ल्यू हाही एक प्रयत्न मोजतात. एडसाठी घेतलेल्या युनिटपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण करावे लागतात. १५ घेतले आणि ५ चं कॅल्क्युलस सोडलं, तर १०/१५ म्हणजे ६६.६७. जिथे ६७ ची रेघ काटेकोर पाळतात तिथे तेवढ्यावरून वॉर्निंग येते. आणि १२ च्या खाली गेलात तर फुल-टाइम राहत नाही. म्हणून सोडण्याआधी, त्याच दिवशी, एड ऑफिसला विचारा. सी मिळाला की ग्रेड सुधारायला तोच कोर्स पुन्हा घेता येत नाही, हेही तिला सांगून ठेवा.

सांजवात:
धाग्यातच विचारते. पुतण्या एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येतोय. त्याला हेच लागू का?

झुंजूमुंजू:
कोर्सची साखळी तीच. पण फॉल-स्प्रिंगला १२ युनिट सक्तीचे, आणि त्यांत ऑनलाइनचा एकच वर्ग किंवा ३ युनिट धरले जातात. १२ घेऊन त्यातले दोन वर्ग ऑनलाइन असले तर तो कमी पडला. काहीही सोडण्याआधी डीएसओची (कॉलेजातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी) लेखी परवानगी घ्यावी, नंतर सांगून उपयोग नाही. यूसीला त्याचा किमान जीपीए २.८ धरतील, कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना २.४ आहे. इंजिनिअरिंगला प्रत्यक्षात दोघांनाही याहून बराच जास्त लागतो.

पागोळी:
अबोलीताई, एक राहिलं. ओरिएंटेशन, प्लेसमेंट आणि एज्युकेशन प्लॅन या तीन गोष्टी झाल्याशिवाय रजिस्ट्रेशनची लवकरची तारीख मिळत नाही, आणि कॅल्क्युलसचे वर्ग आधी भरतात. काउन्सेलरकडे जाताना असिस्टच्या याद्या आणि शाळेचं ट्रान्सक्रिप्ट छापून न्या, अर्ध्या तासाच्या भेटीत ते शोधण्यात वेळ जाऊ देऊ नका. वर्ग भरलेला असेल तर वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या दिवशी वर्गात बसायचंच. नोंदवलेली मुलं आली नाहीत तर प्राध्यापक त्यांना काढतात, आणि तेव्हा अ‍ॅड कोड (वर्गात नाव घालायचा) समोर बसलेल्यांना मिळतो.