घरच्या स्टुडिओत स्वतःचं गाणं स्वतःच मास्टर करावं का?

रंकाळाकाठ
मंडळी, माझं मत सरळ आहे. ज्या खोलीत मिक्स केलं, म्हणजे सगळी वाद्यं आणि गळा एकमेकांत बसवले, त्याच खोलीत मास्टर, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात, करू नये. कोल्हापुरात राजारामपुरीत माझी खोली दहा बाय दहा फूट. गेल्या गणपतीत एका तालमीसाठी, म्हणजे मंडळासाठी, गाणं केलं. ढोलाचा खर्ज (खालचा जाड आवाज) कमी वाटला म्हणून मिक्समध्ये वाढवला, मास्टर करताना परत थोडा वाढवला. मिरवणुकीत गाणं लागलं आणि नुसता घुमारा! पोरांनी जीव ओतून लिहिलेले शब्दच कुणाला कळेनात. फार वाईट वाटलं.

नंतर टेप घेऊन खोली मोजली. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा, खर्जातला आवाज अडकून राहतो. भिंतीपाशी तो सगळ्यात जोरात, आणि बरोब्बर मध्यावर जवळजवळ नाहीच. माझी खुर्ची मध्यावर. त्यात खोली चौरस, म्हणजे लांबी-रुंदी दोन्हीकडून तोच घोळ. जे मला ऐकूच येत नव्हतं, ते मी दोनदा वाढवलं. म्हणून म्हणतो, मास्टरिंग दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या कानानं व्हावं.

हलगीवाला_करवीर
दादा, पटलं नाही. घुमारा मास्टरमध्ये आला नाही, तो मिक्समध्येच होता. मास्टरिंगवाल्याकडे आपण सगळी वाद्यं एकत्र झालेली एकच स्टिरिओ फाईल देतो. त्यानं ५६ खाली ओढलं की ढोलाबरोबर बेस गिटारही गेली. घरी करणारा मिक्स परत उघडतो आणि फक्त ढोलाचा फेडर (आवाजाची पट्टी) खाली घेतो. एवढी मोठी सोय हातात असताना ती का सोडायची?

आधी खुर्ची हलवा. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून बघा, आणि कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड पॅनेल उभे करा. पातळ फोमनं खर्ज अडत नाही.

शाहूपुरीची_सूरश्री
खुर्ची हलेल, कान कुठं हलवणार? तीनशे वेळा ऐकलेलं गाणं आपल्याला पाठ असतं, शब्द दबले तरी आपल्याला ऐकू येतात. तुमच्या गाण्यात तेच झालंय. मी बाहेर देते ते यासाठी. ज्यानं गाणं पहिल्यांदाच ऐकलं, तो दहा सेकंदांत सांगतो, "दुसऱ्या कडव्यात काय म्हणताय?"

आणि लिमिटरचं, म्हणजे ठरल्या पातळीवरचा आवाज दाबणाऱ्या साधनाचं बघा. शेकलेल्या हलगीवर बारीक काडी पडते तेव्हा जो कडक ठोका निघतो, तो क्षणभराचाच असतो. लिमिटर पहिला तोच खातो. एलयूएफएस हे गाणं एकूण किती मोठं वाजतं त्याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं. गाणं उणे ८ एलयूएफएसपर्यंत चेपलं तर स्पॉटिफायवर ते सहा डेसिबल खाली येतं, कारण तिथं नेहमीच्या सेटिंगला उणे १४ ची पातळी धरतात. आवाज वाढला नाही आणि हलगी मात्र मेली.

उद्यमनगर_साउंड
ताई, मोबाइलपुरतं बरोबर. पण मी मिरवणुकीत सिस्टीम लावतो. तिथं पेनड्राइव्हवरून फाईल थेट मिक्सरला जाते, पातळी सारखी करणारं मध्ये कुणी नसतं. आधीचं गाणं उणे ७ चं आणि तुमचं उणे १४ चं असलं, की तालमीची पोरं माझ्याच अंगावर येतात. दोन मास्टर करा, एक ऑनलाइनसाठी, एक मिरवणुकीसाठी. दोन्हींत ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ ठेवा. आणि दोन-दोन मास्टरचे पैसे देण्याएवढं तालमीचं बजेट कुठं असतं? घरी करायला शिकलंच पाहिजे.

हलगीवाला_करवीर
हेच म्हणतोय मी. मिक्स झालं की आठवडाभर त्याला हात लावत नाही. मग आधी आईच्या मोबाइलवर, नंतर भावाच्या रिक्षात, आणि अगदी हळू आवाजात ऐकतो. हळू आवाजात शब्द कळले तर पुढं जायचं.

शाहूपुरीची_सूरश्री
आठवड्यानं कान ताजा होतो, नवखा होत नाही. शब्द तरीही तुम्हाला पाठच आहेत.

रंकाळाकाठ
ढोलाचं पटलं, मिक्स आजच उघडतो. खुर्चीही हलवतो. पण मास्टर मी करणार नाही, तिथं मी ताईंच्या बाजूनं. ताई, लिमिटर काढून २४ बिट वेव्ह फाईल पाठवतो. तुम्ही हे गाणं अजून ऐकलेलं नाही. दुसऱ्या कडव्यातले शब्द कळले का, एवढंच सांगा.